४० एचपी आउटबोर्डला नवीन पंखा (प्रोपेलर): १३ पिच परत घ्यायचा की ११ वर यायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. देवबागला २२ फुटी फायबरची बोट सेकंडहँड घेतलीत, मागे यामाहा एन्ड्युरो ४० एचपी, तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. धंदा डॉल्फिन आणि स्नॉर्कलिंगचा, म्हणजे ८ पर्यटक आणि आपली २ माणसं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला खडपावर (पाण्यातल्या खडकावर) पंखा आपटला आणि एक पातं अर्धं गेलं. जुन्या पंख्यावर ११ १/८ × १३ - जी असा शिक्का आहे, म्हणजे व्यास, पिच (एका फेऱ्यात पंखा बोट किती इंच पुढे नेईल तो आकडा) आणि सिरीजचं अक्षर. दुकानदार म्हणतो डोळे झाकून तोच घ्या, शेजारचा बोटवाला म्हणतो स्टीलचा घे, आणि तिसऱ्याने सांगितलं की पिच अजून वाढव, स्पीड वाढेल. पंखा धड होता तेव्हा मित्राचा आरपीएम मीटर लावून घेतलेले आकडे तुम्ही दिलेत हे फार चांगलं केलंत, कारण ते नसते तर मी पण अंदाजच मारला असता. भरलेल्या बोटीला पूर्ण थ्रॉटलवर ४४०० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि मोबाईलच्या जीपीएसवर १४ नॉट (समुद्रातलं वेगाचं माप), दोघंच असताना ५१०० आणि साडेबावीस नॉट.

उत्तर: ११ ५/८ × ११ घ्या, जी सिरीजचाच, तीन पात्यांचा, अ‍ॅल्युमिनियमचा. १३ परत घेऊ नका आणि १४ चा तर विचारही नको. आता कारणं सांगतो, जरा लांबेल.

तुमच्या इंजिनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची रेंज ४५०० ते ५५०० दिलेली आहे. याचा अर्थ असा की थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर, बोटीवर तुमचं रोजचं वजन असताना, इंजिन या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी पोचलंच पाहिजे, आणि खरं तर वरच्या अर्ध्यात पोचलं तर उत्तम. तुमचं भरलेलं इंजिन ४४०० वर अडकतंय, म्हणजे रेंजच्या खालच्या टोकाला पण टेकत नाहीये. पूर्ण थ्रॉटल म्हणजे कार्बोरेटर पूर्ण उघडा, पेट्रोल पूर्ण जातंय, पण इंजिनला फिरायलाच मिळत नाहीये. एसटी फोंडा घाट टॉप गिअरमध्ये चढवायला घेतली तर जे होईल तेच हे आहे. ४० एचपी हा आकडा इंजिनवर लिहिलेला असतो तो वरच्या आरपीएमला मिळतो, ४४०० वर तुम्हाला तेवढे मिळतच नाहीत, पैसे मात्र ४० चे दिलेत आणि पेट्रोलही भरपूर जळतंय.

आणि हे नुसतं स्पीडचं नाही. टू-स्ट्रोक असं दाबून दाबून चालवलं की कार्बन धरतं, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, प्लग काळे तेलकट येतात. तुम्ही लिहिलंय की प्लग सारखे काळे होतात आणि मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा साफ केला. कार्बोरेटरचा दोष असेलही, पण माझा पहिला संशय पंख्यावर आहे. पिस्टनवर उष्णता साठत जाते, लगेच काही दिसत नाही, एक-दोन सीझन जातात आणि मग एक दिवस भर समुद्रात इंजिन जाम होतं. त्यावेळी लोक तेलाला दोष देतात.

आता दुकानदाराचं "जुना होता तोच घ्या". हा सल्ला नव्या बोटीला ठीक आहे, जिला कंपनीच्या माणसाने पाण्यात टेस्ट करून पंखा लावलाय. सेकंडहँड बोटीवर जो पंखा मिळाला तो आधीच्या मालकाच्या कामाचा असतो. तो कदाचित दोघंजण घेऊन गळाला जात असेल, हलकी बोट, लांबचा पल्ला, त्याला १३ बरोबर बसत असेल. तुमचेच आकडे बघा ना, दोघंच असताना ५१००, म्हणजे त्या कामाला १३ योग्यच आहे. पण तुमच्याकडे माणसांचंच सहा-सातशे किलो वजन आहे, वर लाइफ जॅकेटं, नांगर, स्नॉर्कलिंगचं सामान, पेट्रोलची टाकी. इंजिन तेच, बोट तीच, पण काम बदललं की पंखा बदलतो. पंखा इंजिनच्या एचपीवरून निवडतात हा गैरसमज आहे, एचपीवरून फक्त कुठला पंखा दांड्यावर बसेल ते ठरतं.

पिच म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत असतं तरी एका वाक्यात सांगतो: पंख्याचा एक पूर्ण फेरा झाला आणि पाणी अजिबात सरकलं नाही तर बोट जितके इंच पुढे जाईल तेवढी पिच. शिक्क्यात पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पाणी अर्थातच सरकतं, त्यामुळे खरा स्पीड नेहमी कमी येतो, त्या फरकाला स्लिप म्हणतात. हिशोब सोपा आहे, मोबाईलवर होतो: आरपीएम गुणिले पिच, त्याला गिअर रेशो गुणिले १२१५ ने भागा, उत्तर नॉटमध्ये. तुमच्या इंजिनचा गिअर रेशो २.०० आहे, म्हणजे इंजिनचे दोन फेरे तेव्हा पंख्याचा एक.

हलकी बोट: ५१०० गुणिले १३ भागिले २४३०, येतात २७.३ नॉट. प्रत्यक्षात २२.५ मिळाले, म्हणजे स्लिप साधारण १७-१८ टक्के. अशा बोटीला हे एकदम निरोगी आहे.

भरलेली बोट: ४४०० गुणिले १३ भागिले २४३०, येतात २३.५. प्रत्यक्षात १४. स्लिप ४० टक्के! म्हणजे बोट पाण्यावर उठतच नाहीये, नाक वर, मागचं टोक खाली, पाणी ढकलत चाललीय. पर्यटकांना पुढे सरकून बसायला सांगावं लागतं असं तुम्ही लिहिलंय ते यामुळेच.

आता ११ पिचचं गणित करू. पिच १ इंच कमी केली की पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम साधारण १५० ते २०० वाढतात, हा अनुभवाचा ठोकताळा आहे, कायदा नव्हे. २ इंच कमी म्हणजे ३०० ते ४००. भरलेली बोट ४७००-४८०० ला येईल, हलकी ५४००-५५०० ला. म्हणजे दोन्ही टोकं रेंजमध्ये बसली. समजा भरलेली ४७५० वर गेली, कागदावर २१.५ नॉट, बोट उठायला लागली की स्लिप २५ टक्क्यांच्या आसपास धरू, म्हणजे १६ नॉट. बघा, पिच कमी केली आणि स्पीड वाढला. हेच लोकांना पटत नाही. "पिच जास्त म्हणजे स्पीड जास्त" हे तेव्हाच खरं जेव्हा इंजिन ती पिच ओढू शकतं. दोघंच असताना मात्र तुमचा स्पीड थोडा कमी होईल, साडेबावीसच्या ठिकाणी वीस-एकवीस. ते तुम्ही सोसा, दोघं फिरायला जाऊन तुमची चूल पेटत नाही.

मग १० किंवा ९ का नको? भरलेल्या बोटीला १० अजून छान वाटेल, झटकन उठेल, पण रिकामी परत येताना पोऱ्याने थ्रॉटल पूर्ण दाबला की ५५०० च्या वर जाईल, आणि मुलं दाबतातच. ओव्हर-रेव्ह हा पण मार आहेच, फक्त दुसऱ्या बाजूने. जी सिरीजमध्ये १२ १/४ × ९ पण येतो, तो जड संथ कामासाठी, जाळी-मासळी भरलेली मोठी होडी, किंवा काहीतरी ओढायचं असेल तर. तुमचं काम मधलं आहे.

इथे एक गोष्ट लक्षात आली असेल: १३ पिचला व्यास ११ १/८, १२ ला ११ ३/८, ११ ला ११ ५/८, ९ ला १२ १/४. पिच कमी होत जाते तसा व्यास वाढत जातो. कंपनीने ते मुद्दाम केलंय, पंख्याने इंजिनवर टाकायचा एकूण भार सांभाळायला. त्यामुळे ११ वर आल्यावर आरपीएम अगदी ४०० ने वाढतील असं धरू नका, व्यास थोडा भार परत घेतो, म्हणून मी मधलाच अंदाज धरून चाललोय. आणि याच कारणाने दुकानात "व्यास जवळपास तोच आहे हो, चालतो" असं म्हणत दुसऱ्याच सिरीजचा पंखा गळ्यात मारला तर घेऊ नका.

सिरीजचं अक्षर, म्हणजे तुमचं जी, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. त्यावरून गिअरकेसची (पाण्यातल्या गिअरच्या डब्याची) साईझ आणि दांड्याचे, म्हणजे शाफ्टचे, दाते ठरतात. तुमच्या शाफ्टला १३ दाते आहेत, लहान १५ एचपीला ८ असतात, २५-३० ला १०. जाताना जुना पंखा बरोबर घेऊन जा, दाते मोजा, नवा शाफ्टवर हाताने सरकवून बघा, सैल हलता कामा नये आणि हातोडीही लागता कामा नये. गिअरकेसकडचा थ्रस्ट वॉशर (पंख्याचा रेटा झेलणारा), नटाकडचा वॉशर, नट, सगळं जुनं बरोबर ठेवा. लोकल कॉपी पंखे मिळतात, काही बरे असतात, पण त्यात दोन गोष्टी बघा: तिन्ही पाती एकसारखी आहेत का, आणि आतलं रबराचं बुश नीट दाबून बसवलंय का.

त्या बुशबद्दल थोडं. पंख्याचं पातं आणि शाफ्टचे दाते यांच्यात रबर असतं, गिअर टाकताना जो झटका बसतो तो तेच खातं. रबर म्हातारं झालं की किंवा एकदा जोरात आपटलं की ते आतल्या आत घसरायला लागतं. लक्षण असं: हळू चालवलं की सगळं ठीक, थ्रॉटल वाढवला की इंजिन ओरडतं आणि बोट पुढे जात नाही. लोकांना वाटतं गिअर गेला, गिअरबॉक्स खोलतात, हजारो रुपये घालवतात. खात्री करायची सोपी युक्ती आहे, आतल्या पितळी नळीपासून बाहेरच्या हबपर्यंत (पाती जिथे जोडलेली असतात तो मधला गोल भाग) पेंटची एक सरळ रेघ मारा, एक फेरी मारून या, रेघ तुटून सरकली असेल तर बुश गेलं. तुमचा पंखा खडपावर इतका जोरात आपटलाय की पातं वेल्डिंग करून परत वापरायचं ठरवलंत तरी आधी ही रेघ मारा.

स्टीलचा घ्यायचा का? नाही. इथे नाही. स्टेनलेसचं पातं पातळ असतं, लवत नाही, चांगल्या बोटीला थोडा स्पीड आणि चांगली पकड देतं हे मान्य. वाळूने झिजतही कमी, कर्लीच्या मुखाशी त्सुनामी आयलंडच्या बाजूला उथळात वाळू ढवळत जाणाऱ्यांना तो मोह होतो हे मला कळतं. पण मालवणच्या खडपात अ‍ॅल्युमिनियमचं पातं तुटतं तेव्हा ते स्वतः तुटून शाफ्ट आणि गिअर वाचवतं. स्टेनलेस तुटत नाही, तो झटका आत पाठवतो, बुशने खाल्ला तर ठीक, नाहीतर शाफ्ट वाकतो, गिअरचे दाते उडतात, आणि त्या खर्चात अ‍ॅल्युमिनियमचे कितीतरी पंखे आले असते. स्टेनलेस एका पंख्याचे पैसे पण अ‍ॅल्युमिनियमच्या कित्येक पट. खोल पाण्यात चालणाऱ्या, मोठ्या एचपीच्या, पॅरासेलिंगवाल्या बोटीला मी वेगळं सांगितलं असतं. प्लास्टिक-कॉम्पोझिटचे पण मिळतात, सुटी पाती बदलता येणारे, ते स्पेअर म्हणून बोटीत टाकायला ठीक, रोजच्या भाराला नको.

चार पात्यांबद्दल पण विचारलंयत. चार पात्यांचा पंखा बोट लवकर उठवतो, लाटेत पकड सोडत नाही, थरथर कमी, पण टोकाचा स्पीड थोडा जातो आणि त्याच पिचला आरपीएमही थोडे उतरतात. तुम्हाला आत्ताच आरपीएम कमी पडतायत, त्यामुळे चार पाती घ्यायची तर पिच अजून एक इंच खाली जावं लागेल. आधी तीन पात्यांच्या ११ वर सीझन काढा.

आता एक महत्त्वाचं, पैसे द्यायच्या आधी. आरपीएम कमी येतात ते दर वेळी पंख्यामुळेच असं नाही. बोटीचा तळ बघितलात का? शेवाळ आणि शिंपलं चढलं की चांगली बोट पण दगडासारखी होते, दोन-तीनशे आरपीएम सहज खाते. फायबरमध्ये पाणी मुरलंय का, डबल बॉटम असेल तर त्यात पाणी साठलंय का, जुन्या बोटीत हे फार असतं आणि बाहेरून कळत नाही. एक सिलिंडर मारत नसेल तरी असंच होतं. तुमच्या केसमध्ये हलक्या बोटीला ५१०० आणि १७-१८ टक्के स्लिप आलीय, म्हणून मी म्हणतो इंजिन आणि तळ बऱ्यापैकी ठीक आहेत. हे आकडे नसते तर मी आधी सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) बघायला सांगितलं असतं. आणि मीटरचं सेटिंगही तपासा, ते प्लगच्या वायरला गुंडाळायचे मीटर असतात त्यात एका फेऱ्याला किती स्पार्क हे सेट करावं लागतं, चुकलं तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. तुमचे आकडे एकमेकांशी जुळतात, त्यामुळे सेटिंग बरोबरच असणार.

इंजिनची उंची पण. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा अगदी इंचभर खाली हवी. फार वर असेल तर वळताना पंखा वरून हवा ओढतो, आरपीएम एकदम उडतात आणि बोट बसते, लोक त्यालाही पंख्याचा दोष म्हणतात. फार खाली असेल तर पाण्याचा अडथळा वाढतो. ट्रान्सम (इंजिन टांगायची बोटीची मागची फळी) शॉर्ट शाफ्टचा असेल तर १५ इंच, लाँग शाफ्टचा २० इंच, सेकंडहँड बोटींवर याची भेसळ सर्रास दिसते. ट्रिमची (इंजिनचा तिरका कोन ठरवणारी) पिन कुठल्या भोकात आहे तेही बघा, नाक फार वर असेल तर एक भोक आत घ्या, फुकटात फरक पडतो.

तुटका पंखा फेकू नका. दुरुस्त करून स्पेअर ठेवा, १३ चा असला तरी बंदरापर्यंत हळू आणायला पुरतो. वेल्डिंग पात्याच्या टोकाला चालतं, मुळाशी हबजवळ अजिबात नको, त्या उष्णतेने आतलं रबर जातं आणि धातू पण कमजोर होतो. वेल्डिंगनंतर पिच राहिलीय का ते घरी मोजता येतं. पंखा हबवर आडवा ठेवा, पाती जमिनीला समांतर फिरतील असा. मध्यापासून ४ इंचावर, तुमच्या पंख्याला हे साधारण त्रिज्येच्या ७० टक्क्यांवर येतं, प्रत्येक पात्यावर कंसासारखी एक रेघ मारा. त्या रेघेच्या दोन टोकांची टेबलापासूनची उंची मोजा, दोन्हीतला फरक काढा. मग दोन टोकांमधलं आडवं अंतर मोजा, तिरकं नव्हे, टेबलावर ओळंबा सोडून आडवं. पिच म्हणजे ६.२८ गुणिले ४ गुणिले उंचीचा फरक, भागिले आडवं अंतर. समजा आडवं ४ इंच आणि उंचीचा फरक १.९ आला, तर पिच ११.९, म्हणजे १२ चा पंखा. तिन्ही पात्यांवर करा. एखादं पातं अर्ध्या इंचाने जरी वेगळं निघालं तर बोट थरथरणार, आणि ती थरथर सील आणि बेअरिंगमध्ये जाते. हीच युक्ती शिक्का पुसलेल्या सेकंडहँड पंख्याला पण लागू, आणि कॉपी पंखा घेताना दुकानात केलीत तर दुकानदार जरा सरळ वागतो.

बसवताना आधी किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा आणि प्लगच्या वायरी पण, गिअर न्यूट्रल. टू-स्ट्रोक हाताने पंखा फिरवताना पेट घेऊ शकतं. पातं आणि वरच्या प्लेटच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवून नट सोडवा. जुना पंखा निघाला की शाफ्टवर मागे बघा, तंगूस गुंडाळलेला असतोच, आपल्या समुद्रात तुटक्या जाळ्यांचा नायलॉन इतका तरंगतोय की नसेल तर आश्चर्य. तो बारीक तंगूस हळूहळू ऑइल सीलमध्ये घुसतो आणि सील कापतो. म्हणून पंखा काढलाच आहे तर गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करून बघा, दुधासारखं पांढरट आलं तर पाणी शिरलंय, सील बदला, नाहीतर नवा पंखा काय कामाचा. थ्रस्ट वॉशर जसा निघाला त्याच दिशेने परत, उलटा बसला तर पंखा गिअरकेसला घासतो. दात्यांना मरीन ग्रीस भरपूर, चांगलं पाण्यात टिकणारं, गाडीचं साधं नको. नाही लावलं तर पुढच्या वर्षी पंखा शाफ्टवरून निघणार नाही, मग गॅस कटर आणतात आणि सगळंच जातं. नट घट्ट करा, भोक जुळत नसेल तर अजून थोडा पुढे घट्ट करून जुळवा, मागे सैल करून नाही. स्प्लिट पिन नवी, स्टेनलेसची. जुनी सरळ करून परत घालू नका.

टेस्ट कशी करायची: सकाळी वारा नसताना, तुम्ही दोघं आणि वर ८ पर्यटकांच्या वजनाएवढं खरंखुरं वजन घेऊन, मित्रमंडळी बसवा नाहीतर पाण्याचे कॅन भरा. परवान्यात जेवढी माणसं लिहिलीत तेवढंच धरा, सीझनच्या गर्दीत चढतात तेवढी नव्हेत, ती चढवायचीच नाहीत. पूर्ण थ्रॉटल अर्धा-पाऊण मिनिट, आरपीएम आणि जीपीएस दोन्ही लिहून घ्या. मग तोंड फिरवून उलट दिशेने परत तेच, आणि दोन्हीची सरासरी, कारण भरती-ओहोटीचा ओढा देवबागच्या संगमाला एक-दोन नॉट सहज इकडचे तिकडे करतो. मग सगळे उतरवून दोघंच जा आणि रिकाम्या बोटीचा आकडा घ्या. भरलेली ४६०० च्या वर आणि रिकामी ५५०० च्या आत असेल तर झालं काम. भरलेली अजूनही ४५०० ला रखडत असेल तर पंख्याचा विषय संपला, तळ आणि इंजिन बघा.

केरोसीनवर चालवत असाल तर वेगळं. केरोसीनवर इंजिनची ताकद उतरते, त्यामुळे पेट्रोलवर टेस्ट करून पंखा निवडला आणि मग केरोसीनवर धंदा केला तर पंखा पुन्हा जड पडतो. ज्या तेलावर रोज चालवणार त्यावरच टेस्ट.

एकाने खाली ट्रॉलरबद्दल विचारलंय, त्याला इथेच सांगून टाकतो. इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) डिझेलचं तत्त्व तेच, पूर्ण थ्रॉटलला इंजिनने आपले ठरलेले आरपीएम गाठले पाहिजेत, नाही गाठले आणि काळा धूर येतोय तर पंखा मोठा आहे. पण तिथे जाळं ओढताना बोट दोन-चार नॉटने चालते, म्हणून व्यास जितका बसेल तितका मोठा आणि पिच कमी हवी, आणि पात्याचं टोक आणि तळ यांच्यात व्यासाच्या निदान १० ते १५ टक्के मोकळी जागा हवी, नाहीतर बोट हादरते. व्यास एक इंचाने वाढवायचा तर पिच साधारण दोन-तीन इंचाने उतरवावी लागते, हे विसरून फाउंड्रीवाल्याला नुसतं "दोन इंच मोठा ओत" सांगतात आणि मग इंजिनच्या नावाने बोटं मोडतात. फिरायची दिशा बघा, मागून बघताना पुढच्या गिअरला घड्याळाच्या दिशेने फिरतो तो राईट हँड, गिअरबॉक्स बदललाय तर दिशा बदललेली असू शकते. आणि पंखा शाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) निळा रंग लावून, सगळीकडे टेकतोय का बघून बसवा, नुसत्या चावीवर (खाचेतल्या लोखंडी पट्टीवर) भार ठेवू नका. मँगनीज ब्राँझच्या पंख्याला खरवडल्यावर गुलाबी डाग दिसले तर त्यातलं जस्त समुद्राने खाल्लंय, तो पंखा दिसायला धड आणि आतून बिस्किट. झिंक (पंख्याऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) वेळच्या वेळी बदला.

परत तुमच्याकडे. स्नॉर्कलिंगवाले पाण्यात असताना इंजिन बंदच, न्यूट्रल नाही, बंद. काही जुन्या गिअरमध्ये न्यूट्रललाही पंखा हळूच फिरत राहतो. पंख्याभोवती पिंजरा लावायचा विचार असेल तर आधी लावून टेस्ट करा, तो आरपीएम आणि स्पीड दोन्ही खातो, आणि मग वरचं सगळं गणित परत करावं लागतं.

बोटीत एक डबा ठेवा: जुना १३ चा दुरुस्त पंखा, एक जादा नट, दोन्ही वॉशर, चार-पाच स्प्लिट पिना, पक्कड, नटाच्या साईझचा पाना आणि तो लाकडाचा तुकडा. पाना पाण्यात पडतो, त्याला दोरी बांधा. नवा पंखा लावल्यावर पहिल्या फेरीनंतर किनाऱ्याला आलात की पिन आणि नट एकदा हाताने हलवून बघा, आणि टेस्टचे चार आकडे आले की इथे टाका, मग ११ वर राहायचं की १० बघायचा ते त्यावरून सांगतो.